अन्वय लावणारा कोण? इतिहासात लेखकाचे मत नेमके कुठे शिरते

पाठ्यपुस्तकातला एखादा धडा बदलला किंवा ऐतिहासिक चित्रपट आला, की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, "इतिहासाची मोडतोड केली." दुसरी म्हणते, "खरा इतिहास आत्ता कुठे पुढे येतोय." भांडण कितीही पेटले तरी एका गोष्टीवर दोघांचे एकमत असते: लिहिणाऱ्याचे मत ज्यात अजिबात नाही, तो खरा इतिहास. या वादाला कंटाळलेला तिसरा माणूस दुसरे टोक गाठतो. "सोडा हो, इतिहास म्हणजे शेवटी ज्याचे त्याचे मत!"

दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. का, ते कळायला मराठीतला एकच शब्द नीट उलगडावा लागतो: अन्वयार्थ.

संस्कृत श्लोकात छंदासाठी शब्द मागेपुढे झालेले असतात. कर्ता शेवटी, क्रियापद मधेच, विशेषण आपल्या नामापासून चार शब्द लांब. ते शब्द सरळ वाक्याच्या क्रमाने लावणे म्हणजे अन्वय, आणि तसे लावल्यावर हाती येतो तो अन्वयार्थ. या कामाचे नियम कडक आहेत. श्लोकातला एकही शब्द गाळायचा नाही. विभक्ती बदलायची नाही. अर्थ पुरा करण्यासाठी बाहेरचा शब्द घ्यावाच लागला, तर तो 'अध्याहृत' म्हणून कंसात दाखवायचा. एवढे पाळूनही दोन जाणकारांचे अन्वय वेगळे निघू शकतात. पण षष्ठीला द्वितीया म्हणण्याची मुभा दोघांपैकी एकालाही नसते.

इतिहासकाराचे काम याच जातीचे आहे. शब्द त्याचे नाहीत, क्रम त्याचा आहे. हा क्रम तो अगदी शेवटी, सगळी माहिती गोळा झाल्यावर लावतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्याची सुरुवात पहिला कागद उलगडतानाच होते.

### आधी एक फरक

भूतकाळ घडून गेला. तो परत पाहता येत नाही. आपल्यापर्यंत पोचतात त्या त्याच्या खुणा: पत्रे, हिशेब, नाणी, शिलालेख, इमारती, आठवणी. या खुणांना 'साधने' म्हणतात. साधनांवरून भूतकाळाविषयी जे लिहिले जाते तो इतिहास.

क्रिकेटचा धावफलक आठवून पाहा. कोण किती धावांवर बाद झाला, गोलंदाज कोण, षटके किती, सगळे बिनचूक. पण दहा धावांवर ज्याचा सोपा झेल सुटला आणि ज्याने पुढे शतक ठोकले, त्या झेलाची नोंद फलकावर नसते. सामना फिरला तो तिथेच! फलकात खोटे काहीच नाही. झेल लिहायला त्यात रकानाच नाही. बहुतेक साधने अशीच असतात. ती कुणीतरी, कशासाठी तरी बनवलेली असतात, आणि ते 'कशासाठी' हेच त्यांत काय सापडेल ते ठरवते.

### मत पहिल्यांदा शिरते ते कागद वाचताना

मराठेशाहीतले बहुतांश कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहिण्याची पद्धत नव्हती. डोक्यावरची रेघ ओढून ठेवायची आणि हात न उचलता लिहीत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळला जात नसे. म्हणजे 'दिन' की 'दीन', 'सुत' की 'सूत', शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, हे सगळे वाचणारा संदर्भावरून ठरवतो. एका अक्षराने काय होते ते 'ध चा मा' हा वाक्प्रचार वापरणाऱ्या समाजाला वेगळे सांगायला नको.

खरी कसोटी तारखेची. मराठी पत्रांत पुष्कळदा तारीख 'छ' या अक्षराने येते. छ म्हणजे चंद्र, त्यापुढे हिजरी महिन्याचा दिवस. वर्ष लिहिले असेल तर ते बहुधा सुहूर सनाचे (ही मराठेशाहीच्या कारभारातली एक कालगणना), तेही अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. सुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. हा एक आकडा चुकला, की घटना वर्षभर पुढे किंवा मागे सरकते.

पण कित्येक पत्रांत वर्ष नसतेच, नुसता चंद्र आणि महिना. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे तोच महिना दरसाल मागे सरकतो. मग संपादक शोध घेतो: पत्रात पावसाचा उल्लेख आहे का, फौज कोणत्या गावी आहे, ज्याला पत्र लिहिले तो माणूस कोणत्या सालापर्यंत हयात होता. त्यावरून तो वर्ष ठरवतो आणि पत्राच्या माथ्यावर छापतो. इथपर्यंत सगळे रीतसर. बिघडते त्यानंतर. पुढचा लेखक ते छापील वर्ष पत्रातलेच समजून उचलतो, तिसरा त्यावर आणखी एक मजला चढवतो, आणि मुळातला अंदाज पुरावा होऊन बसतो. अध्याहृत शब्दाचा कंस गळून पडला, की असेच होते.

### मग निवड

पुण्याच्या पेशवे दप्तरात कागदांचे हजारो रुमाल आहेत. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा.) गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतून ४५ खंड छापले गेले. काम प्रचंडच. पण हजारो रुमालांतून ४५ खंड काढायचे, तर काय वगळायचे आणि काय छापायचे हे कुणीतरी ठरवणारच. त्या पिढीला राजकारण आणि मोहिमा महत्त्वाच्या वाटत, म्हणून त्यांचे कागद पुढे आले आणि धान्याचे, मजुरीचे, वतनाच्या तंट्यांचे कितीतरी कागद मागे राहिले. छापलेल्यात खोटे काही नाही. पण केवळ त्या खंडांवरून अठरावे शतक पाहणाऱ्याला ते लढायांचेच शतक वाटेल.

निवड संपादकाआधीच, कागद जन्मताना सुरू होते. पैसे मागायचे असले तर पत्र लिहावे लागते. रणांगणावरचा हुकूम तोंडी दिला जातो. म्हणून पैशांच्या अडचणीचा पुरावा भरपूर उरतो आणि ऐन लढाईतल्या निर्णयांचा जेमतेम. पुढच्या उदाहरणात हे कामाला येईल.

### कारण शोधताना: पानिपत

१४ जानेवारी १७६१. मराठ्यांचा पानिपतावर पराभव झाला. तारीख, ठिकाण, सेनापती सदाशिवरावभाऊ, समोर अहमदशाह अब्दाली, विश्वासराव आणि भाऊंचा मृत्यू, यावर वाद नाही. वाद आहे 'का' यावर.

कुणी म्हणते, भुकेमुळे. नोव्हेंबर १७६० पासून छावणी एका जागी अडकली होती, बाहेरून रसद पाठवू शकणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेले, आणि शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. कुणी म्हणते, लढण्याच्या पद्धतीमुळे. मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी याच्या तोफांच्या आधाराने आखलेली गोलाची लढाई (फौजेने एकत्र रचना धरून पुढे सरकण्याची) आणि वेगाने घोडदौड करणाऱ्या सरदारांची सवय, यांचा मेळ बसला नाही. कुणी म्हणते, एकटे पडल्यामुळे. भरतपूरचा राजा सूरजमल जाट मोहिमेतून बाहेर पडला, अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला. कुणी छावणीतल्या यात्रेकरूंवर आणि कुटुंबकबिल्यावर बोट ठेवते, तर कुणी विश्वासरावांना लागलेल्या गोळीवर.

यांतले एकही विधान हवेतले नाही. मग बरोबर कोण?

इथे थोडे थांबून प्रश्न तपासावा. भुकेने कळते लढाई त्या दिवशी का झाली ते. फौजेची रांग कशी मोडली, याचे उत्तर रचनेत आहे. मदतीला कुणी का आले नाही, हे राजकारण सांगते. म्हणजे तिघे इतिहासकार एकाच प्रश्नाची तीन उत्तरे देत आहेत असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात त्यांनी तीन निराळे प्रश्न घेतलेले असतात. कोणता प्रश्न मुख्य, ही निवड लेखकाची. अन्वयार्थाचा सर्वांत मोठा वाटा इथे असतो, आणि बहुतेक लेखक नेमके हेच बोलून दाखवत नाहीत.

आता पुराव्याचे वजन पाहू. भाऊंची पत्रे त्याच महिन्यांतली आहेत आणि त्यांत पैसा व धान्य यांची मागणी पुनःपुन्हा येते. म्हणून टंचाईचा मुद्दा पक्का. मात्र हेही विसरता येत नाही, की मागणीच्या गोष्टीच कागदावर उतरतात. रणांगणातला तपशील देणारा एक महत्त्वाचा साक्षीदार म्हणजे काशीराज पंडित. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता, म्हणजे अब्दालीच्या बाजूने त्याने लढाई पाहिली, आणि आपली हकिकत त्याने सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिली. त्याच्या बाजूची मांडामांड त्याला ठाऊक असणे स्वाभाविक. मराठ्यांच्या गोलात कुणी कुणाला काय सांगितले याबद्दलचा त्याचा शब्द तितका जड धरता येत नाही. भाऊसाहेबांच्या बखरीत संवाद रंगतदार आहेत, पण बखर घटनेनंतर लिहिलेली, गोष्ट सांगणारी रचना आहे. लोकांनी त्या पराभवाकडे कसे पाहिले हे कळायला ती उत्तम. कोण कुणाला नेमके काय म्हणाले यासाठी मात्र नाही.

एकच साधन एका प्रश्नाला भक्कम आणि दुसऱ्याला कच्चे असते. 'विश्वसनीय' आणि 'अविश्वसनीय' असे साधनांचे सरसकट दोन ढीग घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

### गोष्ट कुठे थांबवायची?

पानिपतचीच गोष्ट १७६१ ला थांबवा, ती सर्वनाशाची होते. १७७१ पर्यंत न्या. मराठे पुन्हा दिल्लीत आहेत, आणि पुढच्याच जानेवारीत महादजी शिंद्यांच्या पाठबळावर बादशहा शाहआलम राजधानीत परततो. आता ती सावरण्याची गोष्ट झाली. १८१८ पर्यंत ताणा, पेशवाई संपली, आणि पानिपत अंताची सुरुवात वाटू लागते. एकाही घटनेला हात लावलेला नाही. फक्त पूर्णविराम हलला.

रोमचेही तसेच. इ.स. ४७६ मध्ये ओडोएकर या जर्मानिक सेनानायकाने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून उतरवले, आणि शाळेत आपण 'रोमन साम्राज्य पडले' असे शिकतो. पण साम्राज्याच्या पूर्वेकडच्या राजधानीतले, कॉन्स्टँटिनोपलचे, सम्राट स्वतःला रोमनच म्हणवत राहिले, तेही १४५३ पर्यंत. मधली जवळजवळ एक हजार वर्षे कुठे ठेवायची, हे 'रोम' कशाला म्हणायचे यावर अवलंबून. अलेक्झांडर डेमांट या जर्मन इतिहासकाराने १९८४ मध्ये रोमच्या पतनाची आजवर निरनिराळ्या लोकांनी दिलेली कारणे एकत्र केली, तर ती २१० भरली. त्यांतली काही एकमेकांच्या थेट विरुद्ध आहेत.

### नाव ठेवणे

एकाच शब्दात अख्खा निवाडा असू शकतो. १८५७ ला इंग्रज अधिकारी 'शिपायांचे बंड' म्हणत. सावरकरांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात 'स्वातंत्र्यसमर' म्हटले. 'उठाव' हा शब्द मधला वाटतो, पण तोही पर्यायच आहे. पहिल्या नावात बराकीतले सैनिक दिसतात, शेतकरी-तालुकदार दिसत नाहीत. दुसऱ्यात एकसंध राष्ट्र आधीच अस्तित्वात आहे असे गृहीत धरले जाते.

शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार या दोन मुरलेल्या इतिहासकारांनी यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. सेन यांच्या मते धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा शेवटी स्वातंत्र्ययुद्ध बनला. मजुमदारांना ते पटले नाही. ज्याला पहिले राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणतात ते पहिलेही नव्हते, राष्ट्रीयही नव्हते आणि स्वातंत्र्ययुद्धही नव्हते, अशी त्यांची भूमिका. दोघांचा देश एक, काळ एक. फरक पडला तो 'राष्ट्रीय' या शब्दाला किती माप लावायचे यात.

### "मग काय, सगळीच मते सारखी?"

नाही. इथे विभक्तीचा नियम आठवा.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीवर दीर्घकाळ वाद होता. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७, ही तिथी रूढ होती. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे घटनांची तिथीवार यादी. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद होती. महाराजांच्याच काळातल्या परमानंद कवीच्या शिवभारतातही शके १५५१ ची तीच तिथी येते. एक यादी, एक काव्य, दोन वेगळ्या जातींची साधने. वारही गणिताने पडताळता येतो: त्या तिथीला येणारी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख शुक्रवारीच पडते. पुढे राज्य सरकारनेही हीच तारीख स्वीकारली.

(जाता जाता: ही १९ फेब्रुवारी जुन्या ज्युलियन पंचांगाची. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च १६३० येतो, कारण सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचे अंतर होते. दिवस एकच, लिहिण्याच्या रीती दोन. या फरकावरूनही लोक विनाकारण भांडतात.)

महाराजांविषयी कुणाचे काहीही मत असो, १६२७ म्हणणाऱ्याला या पुराव्यांचे उत्तर द्यावे लागते. मताला जागा आहे, पण ती पुराव्याने आखलेल्या रेघांच्या आत.

### "लेखक अमुक पक्षाचा. त्याचे कशाला वाचायचे?"

लॉरेन्झो व्हाल्ला याचे उदाहरण पाहा. सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेची सत्ता पोपला दान दिली, असे सांगणारा एक दस्तऐवज युरोपात शतकानुशतके मानला जाई. व्हाल्लाने १४४० मध्ये तो बनावट ठरवला. त्यातली लॅटिन चौथ्या शतकातली नव्हे, फार नंतरची आहे आणि रोमन अधिकाऱ्यांना 'सत्रप' (हे तर इराणी सुभेदारांचे पद) म्हटले आहे, असे त्याचे मुद्दे. हा व्हाल्ला कुणाच्या नोकरीत होता? आरागॉनच्या राजा आल्फोन्सोच्या, जो त्या वेळी नेपल्ससाठी पोपशी झगडत होता. म्हणजे हेतू स्वार्थाचा, पण पुरावा आजही टिकून आहे. लेखकाचा हेतू कळला तर कुठे जास्त तपासायचे ते कळते. निकाल त्यावरून लागत नाही.

उलट उदाहरण डेव्हिड आयर्विंग यांचे. नाझी काळावर लिहिणाऱ्या या ब्रिटिश लेखकाने, आपल्याला ज्यूंच्या संहाराचे अस्तित्व नाकारणारा म्हटले म्हणून, डेबोरा लिप्स्टॅट या अमेरिकन प्राध्यापिकेवर आणि त्यांच्या प्रकाशकावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. बचाव पक्षाच्या वतीने इतिहासकार रिचर्ड इव्हान्स आयर्विंग यांच्या तळटीपांचा माग काढत मूळ कागदांपर्यंत गेले. चुका सापडल्या. पण निर्णायक ठरली ती चुकांची दिशा. सगळ्या हिटलरच्याच फायद्याच्या. पंचाच्या हातून चूक होते, पण पाचही दिवस प्रत्येक चूक एकाच संघाच्या बाजूने झाली, तर त्याला चूक कोण म्हणेल? एप्रिल २००० मध्ये आयर्विंग दावा हरले.

वाचकालाही ही कसोटी लावता येते. एखाद्या पुस्तकातले चार-पाच संदर्भ मुळातून पाहावेत. वाक्य अर्धवट तोडले आहे का? संपादकाने अंदाजाने घातलेले वर्ष पक्के म्हणून वापरले आहे का? लेखकाच्या मताला अडचणीचा ठरेल असा एकतरी पुरावा त्याने स्वतःहून पुढे ठेवला आहे का? या शेवटच्या प्रश्नाने बरीच पुस्तके गळतात.

### "मते नकोतच, नुसते अस्सल कागद छापा"

या मागणीचा सर्वांत खंबीर मराठी पुरस्कर्ता म्हणजे वि. का. राजवाडे. बखरींपेक्षा अस्सल पत्र मोलाचे, हा त्यांचा आग्रह. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. आणि या खंडांत पत्रांइतक्याच गाजल्या त्या राजवाड्यांच्या प्रस्तावना, ठाम मतांनी भरलेल्या, पुढच्या पिढ्यांनी पत्रांइतक्याच खोदून वाचलेल्या. नुसते कागद छापतानाही ते गप्प राहू शकले नाहीत, आणि राहिले नाहीत हे बरेच झाले. त्यांचा अन्वय त्यांच्या नावाने समोर आहे, म्हणून तो खोडताही येतो.

### "भूतकाळ बदलत नाही, मग इतिहास पुन्हा का लिहितात?"

कधी नवा कागद सापडतो म्हणून. जास्त वेळा जुन्याच कागदाला नवा प्रश्न विचारला जातो म्हणून. हिरोशी फुकाझावा या जपानी अभ्यासकाने पेशवेकालीन कागदांत मोहिमा शोधल्या नाहीत. गावचा कारभार कसा चाले, वतनदाराचे हक्क कोणते, सारा किती आणि कसा वसूल होई, जातीचे निवाडे राज्यसत्ता कशी करी, हे त्यांनी शोधले. त्यासाठी लागणारे हिशेब आणि निवाडपत्रे अठराव्या शतकापासून होतीच. आधीच्या पिढीच्या हातांखालूनही त्यांतली कितीतरी गेली असतील, आणि कामाची नाहीत म्हणून पुन्हा रुमालात बांधली गेली असतील.